जुना शिम डोळे झाकून परत न बसवणारे वाडीतील वर्कशॉप

माझ्या डिझेल हॅचबॅकचे गिअरबॉक्स आठ महिन्यांपूर्वी शहरातील एका गॅरेजमध्ये उघडले गेले होते आणि डिफरन्शियलची, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाची, दोन्ही बेअरिंगे नवी टाकली होती. तरीही घरघर गेली नाही. सकाळी निघताना गाडी शांत असे. वर्धा रोडने बुटीबोरी ओलांडून तेल चांगले तापले की आवाज सुरू होई आणि गाडीच्या वेगाबरोबर चढत-उतरत राही. डाव्या ड्राइव्ह शाफ्टच्या सीलमधून तेलही झिरपू लागले होते. मे महिन्यात ही गाडी मी नागपूरजवळ अमरावती रोडवरील वाडीच्या एका लहान वर्कशॉपमध्ये नेली, आणि तेथील कामाविषयी सविस्तर लिहावे असे मला मनापासून वाटते.

मिस्त्रींनी आधी गाडी स्वतः चालवून तापवली, मग क्लच दाबून ती न्यूट्रलमध्ये सोडली. आवाज तसाच राहिला. “इंजिनकडचा नाही जी, डिफरन्शियल ढिलं वाटते. पण मोजल्याशिवाय सांगत नाही,” एवढेच ते म्हणाले.

गिअरबॉक्स उघडल्यावर जुन्या शिमची, म्हणजे बेअरिंगाची जागा नेमकी जमवायला घालतात त्या पातळ चकतीची, जाडी मायक्रोमीटरने तीन ठिकाणी पाहिली, ती ०.८० मिमी भरली. आधीच्या गॅरेजने बेअरिंगे बदलली होती, पण शिम मात्र जुनाच परत बसवला होता. दोन बेअरिंगांच्या रुंदीत किंचित फरक असतोच. म्हणून बेअरिंग बदलले की शिम नव्याने ठरवावा लागतो, ही या कामातील मूळ गोष्ट तेथे पाळली गेली नव्हती. आठ महिने ढिली फिरलेली ती बेअरिंगे काढून मिस्त्रींनी पुन्हा नवी आणवली.

यानंतरचे काम मी जवळ उभा राहून पाहिले. हाउसिंग आणि सुटे भाग त्यांनी रात्रभर आत सावलीत ठेवले आणि मोजणी सकाळी आठला, ऊन तापण्याआधी केली, कारण उन्हात पडलेले ॲल्युमिनियम प्रसरण पावलेले असते आणि त्यावर घेतलेले माप फसवे ठरते. हाउसिंगमध्ये गिअरचे शाफ्ट न ठेवता फक्त डिफरन्शियल ठेवले, बेअरिंगच्या कपाखाली, म्हणजे बाहेरच्या कड्याखाली, ०.५० मिमीचा मोजणीचा शिम घातला, बोल्ट ठरलेल्या टॉर्कने आवळले, रोलर नीट बसावेत म्हणून बेअरिंगांना तेल लावून डिफरन्शियल कितीतरी वेळा फिरवले, आणि मगच डायल गेज लावून ते वर-खाली हलवले. प्ले, म्हणजे ढिलेपणा, ०.३० मिमी आला. त्यांनी सगळे सोडून पुन्हा तसेच केले. दुसऱ्यांदाही तोच आकडा. या गिअरबॉक्ससाठी सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला प्रीलोड, म्हणजे बेअरिंगांवर मुद्दाम ठेवायचा दाब, ०.१५ मिमी आहे, म्हणजे हवा असलेला शिम ०.५०, ०.३० आणि ०.१५ मिळून ०.९५ मिमीचा.

जुन्या ०.८० च्या शिमने प्ले जेमतेम शून्यावर येत होता, दाब मात्र काहीच उरत नव्हता. नवी आणि आठ महिने चाललेली बेअरिंगे तंतोतंत सारखी नसतात, तरी माझ्या आवाजाचे कोडे मला येथेच सुटले. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. दोन बेअरिंगांमधले अंतर १५ सेंटीमीटर धरले आणि तापमान ६० अंशांनी वाढले, तर हाउसिंग आतल्या पोलादापेक्षा सुमारे ०.१ मिमी जास्त लांबते. थंड असताना शून्य असलेला प्ले गरम झाल्यावर तेवढा उघडत होता. डिफरन्शियलवरचे मोठे दातेरी चाक, म्हणजे क्राउन, सरकत होते, दातांची बैठक बिघडत होती आणि सीलची कडही डळमळत होती. उलट शिम जास्त जाड झाला असता तर बेअरिंगे तापून लवकर गेली असती, म्हणून शिम बसवल्यानंतर त्यांनी डिफरन्शियलला दोरी गुंडाळून स्प्रिंग काट्याने ओढून पाहिले आणि फिरण्याचा जोर मॅन्युअलच्या मर्यादेत असल्याची खात्री केली.

तक्रारी दोन आहेत. योग्य जाडीचा शिम मागवण्यात दोन दिवस गेले आणि ते मला कळवले नाही; एकूण सहा दिवस गाडी तेथेच होती. बिलावर केवळ ‘गिअरबॉक्स काम’ असे लिहिले होते. मोजमापे मी मागितल्यावर मागच्या बाजूला लिहून दिली. एवढ्या निगुतीने केलेल्या कामाची नोंद ग्राहकाला न मागता मिळायला हवी, कारण पुढे गिअरबॉक्स उघडणाऱ्याला तिचा मोठा उपयोग होईल. बसायला जागा नाही, ती मला फारशी लागलीही नाही.

दर स्वस्त नाहीत. संध्याकाळपर्यंत गाडी हवीच असेल, तर येथे जाऊ नये. बेअरिंग बदलायचे असेल, तर मात्र मी दुसरीकडे जाणार नाही.

काम झाल्यावर भर दुपारी, एसी बंद ठेवून, काचा खाली करून मी वर्ध्याला जाऊन आलो. बुटीबोरीच्या पुढेही आवाज आला नाही आणि दोन्ही सील कोरडी होती. हजार किलोमीटर झाल्यावर तेल काढून ड्रेन प्लगच्या चुंबकावर कीस जमला आहे का ते पाहायला मिस्त्रींनी बोलावले आहे. सध्या सातशे झाले आहेत.