एकवीस इंची पिक्चर ट्यूबचा टीव्ही: जुने गेम आणि जुने साहसपट यांसाठी आठ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

गेल्या रविवारी माझा पिक्चर ट्यूबचा टीव्ही एकोणीस दिवसांनी दुरुस्त होऊन घरी आला. हे एकोणीस दिवस मी तेच गेम आणि तेच चित्रपट बैठकीतल्या बत्तीस इंची पातळ टीव्हीवर पाहिले. त्यामुळे माझी बरीच मते बदलली आहेत, आणि ती ताजी आहेत तोवर लिहून ठेवावीत असे वाटले. टीव्हीची कंपनी सांगत नाही, कारण मी लिहितो आहे ते त्या काळातल्या बहुतेक एकवीस इंची सेटना सारखेच लागू पडते.

डिसेंबरात चिपळूणमधल्या एका ओळखीच्या भंगारवाल्याकडून मी हा सेट ९०० रुपयांना घेतला. टेम्पोचे १५० रुपये झाले, आणि जुन्या लॅपटॉपचे चित्र टीव्हीच्या पिवळ्या पिनेत उतरवणारा कन्व्हर्टर ४८० रुपयांना मिळाला. खरेदीचे कारण अगदी ठरावीक होते. मला १९९० सालचा, डॉस या जुन्या संगणक-प्रणालीवर चालणारा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा गेम पुन्हा, या वेळी शेवटपर्यंत, खेळायचा होता आणि ज्या चित्रपटातून त्याची तलवारबाजी उचलली आहे तो १९३८ सालचा ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ त्याच पडद्यावर पाहायचा होता. दोन्ही गोष्टी ४:३ आकाराच्या पडद्याच्या आहेत, टीव्हीही ४:३ आहे, तेव्हा अडचण येण्याचे काही कारण नाही अशी माझी समजूत होती.

अडचण पहिल्याच संध्याकाळी आली. गेम सुरू झाला, तुरुंगाच्या भिंतीच्या विटा आणि मशालींच्या ज्योती अत्यंत सुंदर दिसू लागल्या, आणि पडद्याची सर्वांत खालची पट्टी मात्र गायब होती. हा गेम खेळलेल्यांना त्या पट्टीचे महत्त्व सांगायला नको. डाव्या कोपऱ्यात नायकाची उरलेली ताकद दाखवणारे लाल त्रिकोण, उजव्या कोपऱ्यात समोरच्या पहारेकऱ्याचे तसेच निळे त्रिकोण, आणि मधोमध गेम संपवायला मिळणाऱ्या साठ मिनिटांपैकी किती मिनिटे उरली त्याची सूचना. ३२० बाय २०० ठिपक्यांच्या चित्रात त्या पट्टीला तळाच्या जेमतेम आठ ओळी मिळतात, आणि नेमक्या त्याच आठ ओळी माझा टीव्ही प्लॅस्टिकच्या चौकटीमागे ढकलत होता. स्पेसबार दाबला की उरलेला वेळ दिसतो. मी तो दाबत होतो आणि ‘मिनिट्स’ या शब्दाच्या अक्षरांचे वरचे शेंडे तेवढे दिसत होते.

याला ओव्हरस्कॅन म्हणतात. ट्यूबमधल्या किरणांनी रेखलेल्या चित्राचा आकार विजेच्या दाबाप्रमाणे, उजेडाप्रमाणे आणि सेटच्या वयाप्रमाणे थोडा कमीजास्त होतो. तसे झाल्यावर कडेला काळी फट दिसू नये म्हणून कारखान्यातच चित्र चौकटीपेक्षा थोडे मोठे ठेवलेले असते. टीव्हीला जोडायचे गेम बनवणाऱ्यांना हे ठाऊक होते, म्हणून ते कडेला महत्त्वाचे काही ठेवत नसत. याच टीव्हीवर मी टीव्हीला जोडायच्या जुन्या गेमयंत्राच्या कॅसेटवरचा ‘कॉन्ट्रा’ खेळलो, त्यात काहीच कापले गेले नाही. डॉसचे गेम मात्र संगणकाच्या मॉनिटरसाठी लिहिलेले होते, आणि मॉनिटरवर चित्र काठोकाठ दिसत असे. म्हणजे यात दोष टीव्हीचाही नव्हता आणि गेमचाही नव्हता. हे मला समजत होते, तरीही पहिले दोन महिने मी या एका पट्टीपायी हैराण होतो आणि टीव्ही परत भंगारात देण्याच्या विचारापर्यंत आलो होतो.

एवढ्याशा पट्टीसाठी इतका त्रागा कशाला, असे घरातही विचारले गेले. त्याचे उत्तर गेमच्या रचनेतच आहे. चौथ्या पातळीत नायकाला आरशातून उडी मारावी लागते. आरशातून त्याची सावली वेगळी होऊन पलीकडे पळून जाते, आणि त्याच क्षणी नायकाचा एकच त्रिकोण शिल्लक राहतो. पट्टी दिसत नसेल तर पुढच्या पहारेकऱ्याच्या पहिल्याच वाराने आपण का मेलो हे खेळणाऱ्याला उमगत नाही. बाराव्या पातळीत तीच सावली तलवार घेऊन समोर उभी राहते. तिच्यावर वार केला की आपलाच त्रिकोण कमी होतो, आणि तिला ठार केले तर आपणही मरतो. तेथे तलवार म्यान करायची असते आणि सावलीत सामावून जायचे असते. ही किल्ली गेम कोठेही शब्दांत सांगत नाही, ती तळाच्या त्रिकोणांकडे पाहूनच ओळखावी लागते. साऱ्या गेममधली सर्वांत सुंदर कल्पना ज्या आठ ओळींतून उलगडते त्याच आठ ओळी दिसत नाहीत, याला मी किरकोळ दोष म्हणायला तयार नाही.

फेब्रुवारीत उपाय सापडला. या पिढीच्या सेटमध्ये रिमोटवरची बटणे विशिष्ट क्रमाने दाबली की दुरुस्तीवाल्यांसाठीचा सर्व्हिस मेनू उघडतो. क्रम मॉडेलप्रमाणे बदलतो. त्यात व्ही-साइज म्हणजे चित्राची उंची आणि व्ही-शिफ्ट म्हणजे वरखालची जागा. माझ्या सेटवर व्ही-साइज ४० वरून ३१ वर आणले आणि व्ही-शिफ्ट दोन अंकांनी वर सरकवले, तेव्हा पट्टी पूर्ण दिसली. खालचे कोपरे थोडे आत वळल्यासारखे दिसतात, परंतु तेवढे मी मान्य केले आहे. बदलण्यापूर्वी मूळचे सर्व आकडे कागदावर उतरवून घ्यावेत, अशी कळकळीची सूचना आहे. मी ते केले होते, आणि पुढे त्याचा उपयोग झाला.

पट्टी दिसू लागल्यावर दुसरी उणीव लक्षात आली. पिवळ्या पिनेतून उजेड आणि रंग एकाच तारेने येतात, आणि रंगाच्या वाट्याला तपशील फार कमी येतो. याचा सर्वांत मोठा फटका लाल रंगाला बसतो, म्हणून ते त्रिकोण आता दिसतात परंतु त्यांच्या कडा विरघळलेल्या असतात आणि शेजारी शेजारी तीन असतील तर ते एका लाल डागासारखे वाटतात. सेटच्या मागे लाल-हिरव्या-निळ्या अशा तीन वेगळ्या पिनांची सोय आहे. तिचा कन्व्हर्टर मात्र १,४०० रुपयांचा आहे, आणि ९०० रुपयांच्या टीव्हीला १,४०० रुपयांची तार लावणे माझ्या हिशेबात बसत नाही. ज्यांना परवडते त्यांनी तोच घ्यावा.

आता चित्रपटाविषयी, कारण या टीव्हीने मला खरा आनंद तेथे दिला. गेमचा कर्ता जॉर्डन मेकनर याने धाकट्या भावाला पांढऱ्या कपड्यांत पळायला आणि उड्या मारायला लावून व्हिडिओवर चित्रित केले आणि त्या चौकटींवरून नायकाची चाल काढली, हे अनेकांना माहीत असते. तलवारबाजीसाठी मात्र भाऊ पुरेसा नव्हता. तेव्हा त्याने ‘रॉबिन हूड’मधल्या एरॉल फ्लिन आणि बॅसिल रॅथबोन या नटांच्या शेवटच्या द्वंद्वातला, दोघे अगदी बाजूने दिसतात असा, काही सेकंदांचा तुकडा घेतला आणि त्यावरून वार आणि बचाव यांच्या हालचाली उतरवल्या. मी एका शनिवारी आधी तासभर गेम खेळलो आणि लगेच १०२ मिनिटांचा तो चित्रपट लावला. द्वंद्वाचा प्रसंग आला तेव्हा फ्लिनचा पुढे टाकलेला पाय, मागे राहिलेला डावा हात आणि तलवार वर उचलून वार अडवण्याची पद्धत माझ्या बोटांना आधीच ओळखीची होती. चित्रपट पाहताना बोटे आपोआप कळ दाबण्यासाठी हलत होती. हा अनुभव मला आजवर दुसऱ्या कोणत्याही चित्रपटाने दिलेला नाही.

त्याच द्वंद्वात दोघे लढत लढत चौकटीबाहेर जातात आणि किल्ल्याच्या दगडी खांबावर फक्त त्यांच्या प्रचंड सावल्या लढताना दिसतात. सर्व्हिस मेनूला हात लावण्यापूर्वी हा प्रसंग पाहिला होता तेव्हा कडेची चौकट त्या सावल्यांचा काही भाग खात होती. उंची कमी केल्यानंतर वरचा आणि खालचा भाग तरी पूर्ण मिळाला. चित्रपटाच्या रुंदी-उंचीचे मूळ प्रमाण १.३७ आणि टीव्हीचे १.३३, म्हणजे फरक नावापुरताच आहे. तीन पट्ट्यांच्या टेक्निकलर या जुन्या रंगीत फिल्म-पद्धतीतले ते गडद हिरवे आणि लाल कपडे ट्यूबवर आतून उजळल्यासारखे दिसतात. लाल रंगाबद्दलची माझी तक्रार येथे जाणवत नाही, कारण माणसाच्या अंगरख्याची कड थोडी मऊ दिसली तरी काही बिघडत नाही. आठ ओळींच्या त्रिकोणाची कड मात्र मऊ होऊन चालत नाही.

हा टीव्ही सर्व साहसपटांसाठी आहे असे समजून कोणी घेऊ नये. १९५३ साली सिनेमास्कोप आल्यानंतर मोठे साहसपट रुंद पडद्यासाठी बनू लागले. मेकनरनेच ज्याच्या सुरुवातीच्या प्रसंगापासून प्रेरणा घेतल्याचे सांगितले आहे तो १९८१ सालचा ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ २.३९ प्रमाणाचा आहे. तो एकवीस इंची ट्यूबवर लावला तर उंचीचा निम्म्याहून थोडासाच जास्त भाग चित्राला मिळतो आणि बाकी सर्व काळे राहते. तो चित्रपट पातळ टीव्हीवरच पाहावा. माझी वाटणी आता अशीच ठरून गेली आहे: १९५३ पूर्वीचे सगळे ट्यूबवर, नंतरचे बैठकीत.

दोन गोष्टी थोडक्यात. बदके मारायची बंदूक, म्हणजे ‘डक हंट’, ट्यूबवरच चालते, कारण चाप ओढल्यावर पडदा क्षणभर काळा होऊन बदकाच्या जागी उमटणारा पांढरा चौकोन बंदुकीला ठरलेल्या क्षणीच दिसावा लागतो, आणि पातळ टीव्ही चित्र उशिरा दाखवतो. दुसरी गोष्ट शिट्टीची. ६२५ ओळी सेकंदाला पंचवीस वेळा, असा हिशेब करून ट्यूब १५,६२५ हर्ट्झची बारीक शिट्टी घालत असते. मला ती अजिबात ऐकू येत नाही. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला मात्र ती शेजारच्या खोलीतून ऐकू येते, आणि पडदा काळा असला तरी “बाबा, तुमचा टीव्ही चालूच राहिलाय,” असे ती तेथूनच सांगते. घरात लहान मुलांचा अभ्यास चालत असेल तर याचा विचार करावा.

जुलैच्या मध्यात, सलग पाऊस लागलेला असताना, टीव्ही सुरू केल्यावर मागून चट-चट आवाज येऊ लागला, चित्र आकसू-फुगू लागले आणि एक उग्र वास आला. मी लगेच प्लग काढला. येथे सर्वांना सांगणे आहे की मागचे झाकण स्वतः उघडू नये. ट्यूबवर वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो शिल्लक राहतो.

पहिल्या दुकानदाराने सेट ठेवून घेतला आणि चौथ्या दिवशी एलओटी (ट्यूबला उच्च दाबाची वीज देणारा ट्रान्सफॉर्मर) गेल्याचे सांगून १,८०० रुपये मागितले, म्हणजे टीव्हीच्या किमतीच्या दुप्पट. गेलेला भाग दाखवा म्हटल्यावर तो दाखवला गेला नाही, आणि नवा भाग कोठून आणणार या प्रश्नाला रोज वेगळे उत्तर मिळाले. रोज फोन करून आणि दोन वेळा भर पावसात चकरा मारून सोळाव्या दिवशी मी सेट तसाच उचलला. तपासणीचे म्हणून २०० रुपये मागितले गेले. कोणती तपासणी केली ते कागदावर लिहून द्या, असे म्हटल्यावर ती मागणी मागे घेण्यात आली. बावीस किलोंचे हे धूड रिक्षातून घेऊन मी एका वयस्कर दुरुस्तीवाल्यांकडे गेलो. त्यांनी झाकण काढून ट्यूबवरची रबरी टोपी दाखवली. तिच्याभोवती ओलावा आणि धूळ यांचा काळा थर साचला होता आणि वीज त्या थरावरून बाहेर उडी मारत होती. त्यांनी जागा स्वच्छ केली, वाळवली, टोपीला सिलिकॉन लावले आणि ३५० रुपये घेतले. एलओटी व्यवस्थित आहे. “साहेब, पावसाळ्यात रोज अर्धा तास लावत जा, नुसता बंद ठेवू नका,” एवढे त्यांनी आवर्जून सांगितले.

बैठकीतल्या टीव्हीवर काढलेल्या त्या दिवसांत पट्टी पूर्ण दिसत होती आणि त्रिकोण सुईसारखे टोकदार होते. हेच मला आठ महिने हवे होते. परंतु चित्र १६:९ मध्ये ताणले की राजपुत्र बुटका आणि रुंद होतो, आणि मूळचे चौकोनी ठिपके जसेच्या तसे ठेवले तरीही तो सुमारे एक षष्ठांशाने बुटका दिसतो, कारण २०० ओळींचे ते चित्र ४:३ पडद्यावर २४० इतके उंच होईल असे धरून काढलेले आहे. सेटिंगमध्ये प्रमाण दुरुस्त करता येते; मी तेही केले. तेव्हा मशालींच्या ज्योती पायऱ्या-पायऱ्यांच्या दिसू लागल्या. चांगल्या त्रिकोणांसाठी मला त्या ज्योती गमवायच्या नाहीत, हे त्या आठवड्यात माझ्यापुरते निश्चित झाले.

रविवारी सेट लावला तर पट्टी पुन्हा गायब. पहिल्या दुकानात कोणीतरी सर्व आकडे कारखान्याच्या स्थितीत नेऊन ठेवले होते. मी कपाटातला कागद काढला, व्ही-साइज ३१ केले, व्ही-शिफ्ट दोन अंक वर नेले. मुलगी तेव्हा चौथ्या पातळीच्या आरशापाशी पोहोचली होती. तिने उडी मारली, सावली पलीकडे पळाली, आणि तळाच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवून तिने विचारले, “बाबा, एकच का उरला?”