गच्चीवरचं ड्रिप आणि टायमर: फेब्रुवारी ते सप्टेंबर वापरल्यानंतरचा अनुभव

नागपुरात गच्चीवर बगीचा असला की उन्हाळ्यात दोघांपैकी एकाला घरीच राहावं लागतं. आमच्याकडे कित्येक वर्षं हेच चालू होतं, लग्नाला मी गेले की हे घरी आणि हे गेले की मी घरी. मेमध्ये पारा ४५ च्या वर गेला आणि एक दिवस पाणी चुकलं तरी मोगरा माना टाकतो. शेजारी किती वेळा सांगायचं, त्यांनाही त्यांचे कूलर भरायचे असतात.

म्हणून फेब्रुवारीत ड्रिप, म्हणजे ठिबक सिंचन बसवलं. १६ एमएमचा मेन पाइप, त्यातून ४ एमएमच्या बारीक नळ्या, प्रत्येक कुंडीत ड्रिपर (थेंब थेंब पाणी सोडणारी छोटी तोटी), सुरुवातीला जाळीचा फिल्टर आणि नळाला सेलवर चालणारा टायमर. प्लंबर बोलवला नाही, नवऱ्यानेच एका रविवारी बसवलं. पाइपचं टोक गरम पाण्यात दोन मिनिटं बुडवलं की जॉइंटवर सरकन चढतं, नाहीतर बोटं सोलून निघतात.

आता महत्त्वाचं, आणि हे दुकानात कोणीच सांगत नाही. टायमर दोन प्रकारचे येतात. सोलेनॉइडवाल्यात, म्हणजे विजेच्या चुंबकाने उघडणाऱ्यात, व्हॉल्व्ह उघडायला पाण्याचा दाब लागतो, बॉल व्हॉल्व्हवाल्यात छोटी मोटर व्हॉल्व्ह फिरवते म्हणून तो बिनदाबाचाही चालतो. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब, आणि आमची टाकी कुंड्यांपेक्षा जेमतेम दोन मीटर वर, म्हणजे ०.२ बार. इतक्यात सोलेनॉइडचा भरवसा नाही, त्यामुळे पंप न लावता टाकीवर चालवायचं असेल तर बॉल व्हॉल्व्हचाच घ्या.

याच दाबामुळे ड्रिपरवर लिहिलेला आकडा खरा निघत नाही. ताशी ४ लिटरचा ड्रिपर म्हणजे एका बारला ४ लिटर. आम्ही एका ड्रिपरखाली डबा ठेवून पंधरा मिनिटं मोजलं, लिटर भरायला हवं होतं तर अर्ध्या लिटरच्याही आत भरलं. मग पाकिटावरचा आकडा सोडून दिला आणि वेळ दुप्पट केली, मोठ्या कुंड्यांना दोन दोन ड्रिपर आणि ड्रममधल्या लिंबूच्या झाडाला चार. दाब भरून काढणारे महागडे ड्रिपरही अशा ठिकाणी कामाचे नाहीत, त्यांना मुळात दाबच जास्त लागतो.

वेळ पहाटे पाच आणि संध्याकाळी सात. दुपारी अजिबात नको, काळ्या पाइपात साचलेलं पाणी हात भाजेल इतकं तापलेलं असतं आणि तेच आधी मुळांना जातं. पाइपवर शक्य तिथे ग्रीन नेटची सावली घ्या, कारण उन्हात तो लांबतो, नरम पडतो आणि टोकाचा जॉइंट निसटतो. आम्ही शेवटी सगळीकडे क्लिपा ठोकल्या.

एप्रिलमध्ये खारींनी बारीक नळ्या कुरतडल्या. बिचाऱ्या पाण्यासाठीच येतात, म्हणून मातीच्या पसरट भांड्यात रोज पाणी ठेवायला लागलो, तेव्हापासून बरंच कमी झालं.

बोअरचं पाणी असेल तर क्षारांची तयारी ठेवा. कूलरच्या जाळीवर जो पांढरा थर बसतो तोच ड्रिपरच्या छिद्रावर बसतो, आधी थेंब मंदावतात आणि मग बंदच होतात. आमचे ड्रिपर फिरवून उघडता येतात, ते मी रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवते आणि सकाळी जुन्या टूथब्रशने घासते. फिल्टरची जाळी मात्र दर आठवड्याला धुते.

खरी परीक्षा नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत झाली. बाहेर लू, आणि आम्ही दोघं एकत्र चिखलदऱ्याला! जायच्या दोन दिवस आधीपासून टायमर आपोआप चालू बंद होतो का ते उभं राहून बघितलं, नवे सेल टाकले आणि गाडी परतवाड्याच्या रस्त्याला लागली. गाविलगडच्या तटावर वाऱ्यात उभे होतो तरी मी यांना दोनदा विचारलं, पाणी सुरू झालं असेल ना हो? तेवढ्यात शेजारच्या काकूंचा फोन, "अवो, तुमच्याकडं कोणी नाही अन् गच्चीवर पाणी पडून राहिलं!" इतका आनंद झाला म्हणून सांगू! परतलो तेव्हा जास्वंद, कढीपत्ता, भेंडी सगळं हिरवं होतं, फक्त गच्चीच्या शेवटच्या टोकाची दोन वांगी सुकली होती. तिथे पाणी कमी पोचतं, ती लाइन आता टाकीकडून वेगळी काढली आहे.

टायमरबद्दल माझी एकच मोठी तक्रार आहे. सेल मधेच संपले तर व्हॉल्व्ह ज्या स्थितीत असेल तसाच राहतो, उघडा राहिला तर टाकी रिकामी. म्हणून गावाला जाताना सेल नवेच टाका, अर्धे वापरलेले टीव्हीच्या रिमोटला चालतील.

पावसाळ्यात मुख्य कॉक बंद ठेवला. शेडखालच्या कुंड्यांना पाऊस लागत नाही, त्यांना हातानेच पाणी घातलं. अडेनियम आणि निवडुंग या लाइनवर घेऊच नका, रोजच्या ओलीने बुडाशी सडतात.

दहाबारा कुंड्या असतील आणि घरी कोणीतरी असतंच, तर एवढा खटाटोप नको, झारी पुरे. गच्ची भरलेली असेल आणि दोघांनाही फिरायची हौस असेल तर उन्हाची वाट न बघता थंडीतच बसवून घ्या, म्हणजे कुठे गळतं, कुठे पोचत नाही ते मार्चपर्यंत कळतं. आमची आता दिवाळीनंतर पचमढीची तयारी चालू आहे, तेव्हा एक वेळचं पाणी पुरेल, सातची वेळ काढून टाकणार.