पॅरिसमधील निसिम द कामोंदो संग्रहालय : मुलाच्या नावाने राखलेली हवेली

पार्क मोन्सोला लागून असलेली ही हवेली अठराव्या शतकातील फ्रेंच फर्निचरच्या संग्रहासाठी नावाजलेली आहे. परंतु ती बांधणाऱ्या घराण्याची हकिकत ठाऊक नसेल, तर पाहणाऱ्याच्या पदरी सुंदर वस्तूंखेरीज फारसे काही पडणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

कामोंदो हे मूळचे कॉन्स्टँटिनोपलचे (आजचे इस्तंबूल) सेफार्दी, म्हणजे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे असलेले, ज्यू सावकार घराणे. 1802 मध्ये तेथे त्यांची पेढी सुरू झाली आणि 1869 मध्ये कुटुंबाने पॅरिसला बिऱ्हाड हलवले. मोईझ द कामोंदो यांनी वडिलांकडून आलेले घर पाडले आणि 1911 ते 1914 या काळात रने सेर्जाँ या वास्तुविशारदाकडून व्हर्सायच्या पेती त्रियानों या छोटेखानी राजवाड्याच्या धर्तीवर नवी हवेली उभी करून घेतली. त्यांच्या पत्नी इरेन, म्हणजे चित्रकार रेन्वारच्या एका प्रसिद्ध चित्रातील लहान मुलगी, तोवर घटस्फोट घेऊन दूर गेल्या होत्या. निसिम आणि बेआत्रीस ही दोन्ही मुले वडिलांकडे वाढली. निसिम पहिल्या महायुद्धात वैमानिक होता आणि सप्टेंबर 1917 मध्ये हवाई लढाईत मारला गेला. ज्याच्या हाती हे सारे सोपवायचे तोच उरला नाही, तेव्हा मोईझ यांनी हवेली संग्रहासकट राष्ट्राला द्यायचे ठरवले. संग्रहालयाला मुलाचे नाव असावे आणि वस्तूंची मांडणी बदलू नये, अशी त्यांची अट होती. 1935 मध्ये ते वारले आणि पुढच्याच वर्षी संग्रहालय खुले झाले.

दालनांतील वैभवाविषयी पुष्कळ लिहिता येईल, पण मला सर्वांत मोलाची वाटली ती चिनी मातीच्या भांड्यांची छोटी खोली. निसर्गशास्त्रज्ञ बुफों यांच्या ग्रंथातील पक्षी रंगवलेली, सेव्हर येथील प्रसिद्ध कारखान्याची भांडी येथे कपाटांत मांडली आहेत आणि मोईझ एकटे असत तेव्हा याच खोलीत जेवत. तळघराशेजारचे स्वयंपाकघरही चुकवू नये : भलीमोठी लोखंडी शेगडी आणि तांब्याच्या भांड्यांच्या रांगा पाहिल्यावर वरच्या मेजवान्यांमागे किती माणसे राबत असतील, याची कल्पना येते.

नामांकित चित्रे पाहायची असतील, तर मात्र येथे येऊ नये. मोईझ यांचे चुलतभाऊ इसाक यांनी जमवलेली माने आणि दगा यांची चित्रे लूव्रला दिली गेली आणि आता ती ओर्से संग्रहालयात आहेत.

प्रवेशद्वारापाशी लावलेली स्मृतिपाटी वाचूनच पुढे जावे. बेआत्रीस, तिचे पती लेऑन रेनाक आणि फानी व बर्त्राँ ही त्यांची मुले यांना 1943-44 मध्ये ऑश्वित्झच्या नाझी मृत्युछावणीत पाठवण्यात आले आणि त्यांच्यापैकी कोणीही परतले नाही. ज्या देशासाठी भावाने प्राण दिला आणि ज्याला वडिलांनी आपले सर्वस्व दिले, त्याच देशातून बहिणीला धरून नेले गेले. ही बाब मनात ठेवून दालने पाहिली, तर मोईझ यांच्या अटीचे वजन कळते, आणि म्हणूनच फर्निचरची विशेष आवड नसलेल्यांनाही हे संग्रहालय पाहण्याचा मी आग्रह करीन.