फोंड्याचे जुने घर आणि ड्रेनेजचा अहवाल : एक पावसाळा काढल्यावर

गोव्यात फोंड्याजवळ बांदोड्याकडे चिऱ्यांचे जुने घर घेण्याआधी एका सिव्हिल इंजिनियरकडून पाहणी करून घेतली होती. वासे, कौले, वाळवी हे सगळे मिळून अहवालात दोन पाने, आणि एकट्या ड्रेनेजला चार. विकणाऱ्या काकांनी ती चाळली आणि म्हणाले, "जन्म गेला इथे, कधी तुंबले नाही." आता पाऊस ओसरलाय, म्हणून लिहितो.

काका खोटे बोलत नव्हते. अलीकडे घरात दोनच माणसे होती, आणि दोघांच्या वापराला कसलीही सेप्टिक टाकी पुरते. अहवालातला खरा मुद्दा वेगळा होता. मागच्या पन्हळीचे पाणी थेट सोकपिटात, म्हणजे टाकीतले पाणी जमिनीत जिरवणाऱ्या खड्ड्यात, सोडलेले. छपराची मागची बाजू साधारण 60 चौरस मीटर. दिवसात 100 मिलिमीटर पाऊस पडला (आषाढात तेवढा पडतोच) की 6,000 लिटर पाणी त्या खड्ड्यात. वरचा जांभा पाणी पितो, पण खाली शेडी, म्हणजे चिकण माती लागली की ते तिथेच अडते. मग संडासाचे पाणी जायचे कुठे? मे महिन्यात पन्हळ तोडून पाणी उघड्या गटारातून व्हाळाकडे (ओढ्याकडे) वळवले. सगळ्यात स्वस्त काम, आणि उपयोग सगळ्यात जास्त. टाकीही तेव्हाच उपसून घेतली, कारण भर पावसात आमच्या चढावर टँकर येतच नाही.

दुसरे काम पाइपांचे. इंजिनियरने न्हाणीघरात रंग ओतला, तो चेंबरमध्ये कमी आणि भिंतीच्या पायथ्याशी जास्त उतरला. चिनी मातीच्या जुन्या पाइपांचे सांधे फणसाच्या मुळांनी उघडले होते. ते काढून 110 मिलिमीटरचे पीव्हीसी टाकले, खर्च किमतीतून वजा करून घेतला. घासाघीस झाली, पण अहवाल हातात असल्यामुळे फार ताणले नाही. मेस्त्री त्या ओल्या भिंतीला वॉटरप्रूफिंग मारायला निघाला होता. त्याला थांबवले. आता भिंत हळूहळू सुकतेय. डाग आहेत, पण नवा पोपडा नाही. मातीच्या सांध्यांच्या भिंतीला वरून सिमेंट थापले की ओल आतच कोंडते, तेव्हा गिलावा चुन्याचाच करणार.

चतुर्थीला घर भरले. भावजया, बहिणी, पोरे, सगळी मुक्कामाला. न्हाणीघर पहाटेपासून चालू, तरी टाकीने तक्रार केली नाही.

विहिरीचे मात्र सुटलेले नाही. सोकपिट तिच्यापासून जेमतेम 11 मीटरवर, तेही चढाच्या बाजूला. सेप्टिक टाक्यांच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस 2470) 18 मीटर हवे. फेब्रुवारीत पाणी तपासले तेव्हा स्वच्छ निघाले. जुलैत कोलिफॉर्म, म्हणजे पाणी दूषित झाल्याची खूण मानले जाणारे जंतू. कोरड्या दिवसांतल्या चाचणीवर विसंबू नका, हे अहवालात ठळक अक्षरांत होतेच. तेव्हापासून प्यायला आणि स्वयंपाकाला ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाचे नळाचे पाणी, विहीर फक्त कपड्यांना आणि माडांना. आईला हे अजून पटलेले नाही, तिच्या मते विहिरीच्या पाण्याचा चहाच वेगळा.

जमीन वाळली की सोकपिट उताराला, माडांपलीकडे नेणार. तिथून विहीर 20 मीटरच्या पुढे पडते. पुढच्या जुलैत पाणी पुन्हा तपासणार. तेव्हाही कोलिफॉर्म निघाले तर वरच्या शेजाऱ्यांच्या टाकीचा विषय त्यांच्याशी काढावा लागेल.