परड्यातली १० मीटर एअर रायफल रेंज: पावसाळा आणि ऊसतोड काढल्यावर

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-नंदगड पट्ट्यातली लाल माती, परड्याच्या टोकाला गोठ्यापलीकडं ५० फुटांची मोकळी जागा, त्यात नेमबाजीच्या दोन लेन. वापर जून ते जानेवारी, म्हणजे अख्खा पावसाळा आणि निम्मा ऊसहंगाम. या आठ महिन्यांत १५,००० च्या आसपास छर्रे झडले. निकाल आधीच सांगून टाकतो: मागची भिंत, आडव्या फळ्या आणि छर्रापेटी (कार्डामागं छर्रे झेलणारी लोखंडी पेटी) यांवरचा पैसा वसूल झाला. दिव्यांची हौस आणि नेमाचं कार्ड ओढायची दोरी-पुली यांवरचा निम्मा पाण्यात गेला.

कायद्याचं थोडक्यात. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणं ४.५ मिमी नळीची, २० ज्यूलच्या आतल्या जोराची एअर रायफल किंवा पिस्तूल बाळगायला परवाना लागत नाही. मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेची एअर रायफल, अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७५ मीटरनं सोडते, म्हणजे साडेसात-आठ ज्यूल. ५.५ मिमीचा मोह झाला की परवान्याचं प्रकरण सुरू. नेमबाज स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकहून ब्राँझ आणलं ते ५० मीटरचं, ती रायफल .२२ ची, काडतुसाची. परड्यात तिला जागा नाही, तिच्यासाठी परवानाधारक रेंजच. आणि कवडे-पारव्यांवर हात साफ करायचा विचार असेल तर १९७२ चा वन्यजीव कायदा वाचून घ्यावा.

मोजमापात पहिली चूक फुटांमुळं होते. १० मीटर म्हणजे ३२ फूट पावणेदहा इंच. गवंडी सोयीनं ३३ फूट धरतो, आणि ते भरतात १०.०६ मीटर, स्पर्धेत सूट फक्त ५ सेंमीची. कार्डाचा मध्य १.४० मीटरवर हवा, पण तो नेमबाजाच्या पायाखालच्या जमिनीपासून मोजायचा, कार्डाखालच्या नव्हे. खानापूरकडं सपाट परडं कुणाचं असतं? दहा मीटरात सहा-आठ इंचांचा उतार सहज निघतो. नळीत पाणी भरून लेव्हल काढली की काम झालं. दिशा उत्तरेकडं ठेवावी, म्हणजे ऊन डोळ्यांत येत नाही. पश्चिमेची बाजू पत्र्यानं झाकावी, पाऊस तिकडूनच झोडपतो.

आता भिंत. मोकळा सुटलेला छर्रा दोन-तीनशे मीटर जाऊ शकतो, तेव्हा "पलीकडं रानच आहे" हा हिशेब धरूच नये. मागं जांभ्या चिऱ्याची ८ फुटी भिंत आहे. चिरा कठीण, त्यावर छर्रा थेट आदळला की परत उसळतो. म्हणून भिंतीपुढं चार इंच सोडून रबरी पट्टा टांगलाय. साखर कारखान्यांच्या भंगारात असला कन्व्हेअरचा पट्टा मिळतो. कापडी पदराचा बघून घ्यावा, तारेचा नको. पट्टा सैल लोंबता हवा. ताणून ठोकला की तोच छर्रा परत फेकतो. जुने टायर रचून भिंत करायचा सल्ला सगळीकडं मिळतो. टायरचं टणक रबर एअरगनचा छर्रा चेंडूसारखा उलटा मारतं, म्हणून तो ऐकू नये.

भिंतीवरून जाणाऱ्या छर्ऱ्याचं काय? तिथंच बहुतेक घरगुती रेंज कच्च्या असतात. उभ्या माणसाची नळी दीड मीटरवर, भिंत ११ मीटरवर आणि २.४ मीटर उंच. तर नेमबाजापासून ३ मीटरवर एक आडवी फळी लागते, तिची खालची कड १.७४ मीटरच्या वर नको, आणि वर ती थेट पत्र्याला भिडलेली हवी. मोठ्यांसाठी एवढं पुरतं. पण बारा वर्षांच्या पोराची नळी १.१ मीटरवर असते. त्याचा वर उचललेला छर्रा याच फळीखालून निघून साडेतीन मीटर उंचीनं, म्हणजे भिंतीवरून मीटरभर वर जातो. म्हणून ६ मीटरवर दुसरी फळी घालावी, १.७ मीटरपासून वर ३ फूट रुंद. दोन्ही मिळून तो छर्रा २.२ मीटरवर भिंतीत बसतो. गुडघ्यावर बसून मारायचं असेल तर हा हिशेब मोडतो, मग फळ्या आणि भिंतीची उंची पुन्हा मांडून घ्यावी. फळीला साधा १८ मिमी प्लाय वापरला, ऑगस्टात त्याचे पापुद्रे सुटले. आता सागाच्या जुन्या फळ्या आहेत, पुढच्या अंगाला सैल लोंबतं रबर. बाजूंना हिरवी शेडनेट ठीक, वारा अडवते. छर्रा अडवत नाही. पातळ पत्र्याचंही तेच, तो नुसता आडोसा.

छर्रापेटी बेळगावच्या उद्यमबागेतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून ३ मिमी शीटची, १० बाय १० इंच तोंडाची. मॅच रायफलला ३ मिमी पुष्कळ. स्प्रिंगची जोरदार बंदूक असेल तर ५ घ्यावी. आतली पाटी ४५ अंशांत, वरची कड नेमबाजाकडं झुकलेली, म्हणजे छर्रा खाली ट्रेमध्ये पडतो. वेल्डर ती घसरगुंडीसारखी उलटी जोडायला बघतो. तशी जोडली की शिशाच्या चिपा वर उडतात. चित्र काढूनच द्यावं. १५,००० छर्ऱ्यांनंतर पाटीला पोचा नाही, फक्त मधोमध शिशाचा चकचकीत लेप बसलाय. रंग पहिल्या आठवड्यातच उडतो, त्यावर खर्च नको. ठण्‌ आवाज मात्र गल्लीभर जातो. पाटीच्या पाठीला रबराचा तुकडा चिकटवला की निम्म्यावर येतो. स्टीलचे गोल छर्रे या पेटीत कधीच मारू नयेत, ते सरळ तोंडावर येतात. शिशाचा छर्रा असला तरी डोळ्यांना चष्मा हवाच.

वाळू भरलेल्या पेट्या स्वस्त, पण इकडच्या जुलैत वाळू दमट होऊन थापीसारखी घट्ट बसते. मग शिसं आत न जाता तोंडाशीच साठतं, आणि शिशावर शिसं आदळलं की चिपा उडतात.

बाकीचं भराभर. नेमबाजाच्या पायाखाली खरबरीत कोबा करावा. शहाबादी फरशी पावसात निसरडी होते. कार्डावर १५०० लक्स उजेड हवा, तो खालून, जाड फळीआडून. वर लावलेला दिवा पहिल्या पावसातल्या पाखरांना आणि चुकार छर्ऱ्याला आयताच सापडतो. पुलीची नायलॉन दोरी भिजून सैलावली, कार्ड हलायला लागलं, काढून टाकली. बंदूक उघडून, नळीत नारिंगी सुरक्षा दोरी घालून चालत जाऊन कार्ड बदलणं बरं. कार्डं डब्यात सिलिका जेल टाकून ठेवावीत. मऊ पडलेल्या कार्डाला छर्रा भोक पाडत नाही, फाडतो, आणि गुण मोजताना वाद होतात.

आता शिसं. दोन्ही पेट्यांत मिळून महिन्याला किलोभर, आठ महिन्यांत सुमारे ८ किलो. ट्रेमध्ये प्रत्येक छर्रा टिकलीएवढा चपटा, कडेला बारीक चिरा पडलेला. दमट महिन्यांत त्यावर पांढरी बुरशीसारखी पूड धरते. ती शिशाचीच. कोरडा झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं, फडकं वेगळं ठेवायचं, हात साबणानं धुतल्याशिवाय चहाला शिवायचं नाही. जांभ्याची माती आंबट, तिच्यात शिसं लवकर विरघळतं, म्हणून पेटीखाली कोबा आणि आडापासून होईल तेवढं लांब. सगळ्यात मोठा धोका कोंबड्यांना: खडे टिपतात तसे छर्रे टिपतात. पेटीभोवती बारीक जाळी आणि गोळा केलेलं शिसं झाकणाच्या डब्यात, हे पहिल्या दिवसापासून हवं.

पिकाची गंमत वेगळीच. जूनमध्ये भिंतीपलीकडचं सगळं दिसायचं. ऑक्टोबरात बांधापर्यंत दहा फुटी ऊस, आत कोण आहे कळत नाही. तोड सुरू झाली की टोळ्यांच्या झोपड्या आणि त्यांची पोरं भिंतीला लागूनच. त्यामुळं कन्नड आणि मराठी दोन्हीत पाटी, न वाचता येणाऱ्यांसाठी चित्र, आणि नेमबाजी चालू असेतोवर बांबूवर लाल झेंडा. भिंतीआड कुणी दिसलं किंवा नुसतं बोलणं ऐकू आलं तरी "स्टॉप", छर्रे काढून बंदुका खाली. तोडीच्या आठवड्यांत सकाळची वेळ सोडली आणि सरावाला दुपारी चारनंतरचा तास ठेवला. टोळी तोवर गाडी भरून निघालेली असते.