वारेच्या कॅप्सूल: पैसे कशाचे घेतात, हाती काय येतं

अमेरिकेत बाळंतिणीची वार (प्लॅसेंटा) सुकवून, दळून कॅप्सूलमध्ये भरून देण्याची सेवा सहज मिळते. या कॅप्सूल बाळंतिणीने घ्यायच्या, त्याने लोह भरून येतं आणि दूध वाढतं, असा दावा असतो. दर साधारण 200 ते 400 डॉलर. तिकडे बाळंत होणाऱ्या मराठी मुलींपुढेही डूला, म्हणजे बाळंतपणात सोबत करणारी मदतनीस, हा पर्याय ठेवते, म्हणून या सेवेची जरा झडती घेऊ.

पहिली अडचण हॉस्पिटलातच येते. वार तपासणीला गेली आणि फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे नमुने टिकवायच्या विषारी द्रावणात, पडली की विषय संपला, ती पोटात घेण्याजोगी राहत नाही. म्हणून सहीचे कागद कळा सुरू व्हायच्या आधीच करून ठेवायचे. टेक्सासमध्ये वार घरी नेण्याचा हक्क कायद्यात आहे, पण आधी रक्ताच्या तपासण्या निर्दोष लागतात. वार पडल्यावर ती झाकणाच्या डब्यात, बर्फावर ठेवायची आणि दोनेक तासांत फ्रिजमध्ये गेली पाहिजे. बाळंतिणीला ताप असेल किंवा गर्भजलात संसर्ग असेल, तर शहाणी सेवावाली काम घेतच नाही. घेत असेल तर तिथूनच परत फिरा.

वार साधारण अर्धा किलोची. नाळ आणि पडदे कापून टाकतात, रक्ताच्या गाठी धुऊन काढतात, आलं-लिंबू घातलेल्या पाण्यावर वाफवतात, पातळ काप करून डिहायड्रेटरमध्ये पसरतात. काप जाड राहिले की वरून कडक होतात आणि आत ओल तशीच राहते. अशा पुडीच्या डबीत गुठळ्या होतात, पुढे तिला बुरशी धरते. सांडगा जसा कटकन मोडतो तसा काप मोडला पाहिजे. वाकला तर अजून कच्चा आहे. एका मोठ्या कॅप्सूलमध्ये अर्धा ग्रॅम पूड बसते, आणि एका वारेतून शंभर ते दोनशे कॅप्सूल निघतात. कॅप्सूलचं टरफल शाकाहारी हवं का, असंही विचारतात! आत काय भरलंय ते बघता हा प्रश्न गमतीचाच.

खरी गोम तापमानात आहे. ‘कच्च्या’ पद्धतीत वाफवणं गाळतात आणि काप 46 अंश सेल्सिअसच्या आसपास सुकवतात. एवढ्या उबेत जंतू मरत नाहीत. साल्मोनेलासारखा पोट बिघडवणारा जंतू पुरेसा मारायचा तर 54 अंशांवर तब्बल दोन तास लागतात. 2016 मध्ये ओरेगनमधल्या एका तान्ह्या बाळाला बी गटाच्या स्ट्रेप्टोकोकस या जंतूचा संसर्ग झाला. उपचार घेऊन ते घरी गेलं आणि काही दिवसांतच पुन्हा दाखल झालं. आईच्या दुधात जंतू नव्हता, ती घेत असलेल्या कॅप्सूलमध्ये मात्र तोच निघाला. सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, जून 2017 मध्ये ही नोंद छापली आणि अशा कॅप्सूल टाळा असं सांगितलं. या प्रक्रियेला सरकारी मानक नाही. भिंतीवरचं प्रमाणपत्र बहुधा खासगी कोर्सचं किंवा रक्त हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं असतं, औषध बनवण्याचा परवाना नव्हे.

आता फायदा. लोहाचा दावा नेवाडाच्या संशोधकांनी तपासला: एका गटाला वारेच्या, दुसऱ्याला तुलनेसाठी गोमांसाच्या कॅप्सूल दिल्या. गट लहान होते, पण दोन्हींच्या लोहात लक्षणीय फरक पडला नाही. पडणार कसा? वारेच्या एका ग्रॅम पुडीत जेमतेम 0.66 मिलिग्रॅम लोह निघालं. रोज सहा कॅप्सूल म्हणजे सुमारे 3.3 ग्रॅम धरले, तरी पोटात 2.2 मिलिग्रॅम गेलं. आपल्याकडे बाळंतिणीला सहा महिने देतात त्या सरकारी लोहगोळीत 60 मिलिग्रॅम असतं, तेही फुकट.

दूध वाढण्याचा दावा तर उलटाच वाटतो. वार पडते, प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक झपाट्याने उतरतं, आणि त्या उतरण्यानेच दूध येतं. वारेचा तुकडा आत राहिला तर दूध लांबतं, हे प्रसूतितज्ज्ञांना चांगलं ठाऊक आहे. मग तीच वार तोंडाने परत घेऊन दूध वाढेल कसं?

तरीही करायचंच असेल तर तीन गोष्टी लेखी मागा: आधी वाफवणार का, किती अंशांवर किती तास सुकवणार, आणि काम कुणाच्या ओट्यावर होणार. आपल्याच घरी, आपल्या डोळ्यांसमोर झालं तर निदान दुसऱ्या बाईची वार मिसळण्याची भीती नाही. भांडी नंतर ब्लीचच्या पाण्याने धुतात ना, तेही उभं राहून बघा. बाळाला संसर्ग होऊन गेला असेल, तर मात्र बरणी फेकून द्या, पैसे गेले तरी.