सेन्सर बदलला, बिघाड तसाच: नव्या पेलेट शेगडीचा एका हिवाळ्याचा अनुभव

ही पेलेट शेगडी घेऊन पूर्ण एक हिवाळा उलटला आहे. ती खोली चांगली तापवते, तिचा आवाज झोपेच्या आड येत नाही आणि एकदा होपर (पेलेट साठवायची टाकी) भरला की बराच वेळ तिच्याकडे पाहावे लागत नाही. तरीही पहिले पाच आठवडे तिने मला ज्या एका बिघाडाने हैराण केले, त्याबद्दलच मुख्यतः लिहायचे आहे. कारण शेगडीच्या डिस्प्लेवर ज्या भागाचे नाव येत होते, त्या भागात तो बिघाड मुळी नव्हताच. शेगडी नीट पेटायची, तास-दोन तास चालायची आणि मग व्हॅक्यूमची सूचना देऊन बंद पडायची. पेलेट पडणे थांबायचे, ज्योत हळूहळू विझायची आणि भट्टी थंड होईपर्यंत आतला पंखा नुसता फिरत राहायचा.

ज्यांनी अशी शेगडी उघडून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी तिची रचना थोडक्यात सांगणे भाग आहे. पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा दाबून तयार केलेल्या, साधारण ६ मिलिमीटर जाडीच्या छोट्या कांड्या. होपरच्या तळाशी फिरणारा स्क्रू त्या थोड्या थोड्या करून ज्वलनपात्रात टाकतो, आणि धूर बाहेर नेणारा पंखा भट्टीतली हवा सतत ओढून धुराड्यात ढकलतो. या ओढीमुळे भट्टीतला दाब खोलीतल्या दाबापेक्षा किंचित कमी राहतो. दार नीट लागलेले नसेल, धुराडे तुंबले असेल किंवा पंखा थांबला असेल, तर हा फरक नाहीसा होतो. आणि तशा स्थितीत इंधन पडत राहिले तर धूर व कार्बन मोनॉक्साइड खोलीत येऊ शकतो, किंवा आग इंधनाच्या वाटेने होपरकडे मागे सरकू शकते. हे टाळण्यासाठी व्हॅक्यूम सेन्सर बसवलेला असतो. माझ्या शेगडीत तो म्हणजे एक चपटी गोल डबी आहे. तिच्या आत पातळ पडदा आहे. पडद्याच्या एका बाजूला भट्टीकडून आलेली सिलिकॉनची नळी जोडलेली आहे आणि दुसरी बाजू खोलीतल्या हवेला उघडी आहे. ओढ पुरेशी झाली की पडदा सरकून विजेचा संपर्क जुळतो, ओढ कमी झाली की तो सुटतो. त्याला सेन्सर म्हणत असले तरी तो दाब मोजून आकडा सांगत नाही. ओढ पुरेशी आहे किंवा नाही, एवढेच तो सांगतो; म्हणजे खरे तर तो एक स्विच आहे, आणि पुढे मी त्याला स्विचच म्हटले आहे.

हा दाबातला फरक किती नाजूक असतो, हे समजल्यावरच मला पुढचे सगळे उलगडले. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १,०१,३२५ पास्कल असतो. पाण्याच्या ०.१ इंच स्तंभाइतका दाब म्हणजे जेमतेम २५ पास्कल, आणि अशा शेगड्यांमधले स्विच साधारण याच पातळीच्या आसपास जुळतात किंवा सुटतात. २५ पास्कल म्हणजे नळीतले पाणी अवघे अडीच मिलिमीटर वर चढणे. एवढ्याशा फरकावर सुरक्षिततेचा निर्णय ठरत असेल, तर दाराच्या कडेला राहिलेली कागदाएवढी फटही निर्णायक ठरू शकते.

पहिल्या तक्रारीनंतर सर्व्हिस केंद्राने फोनवरून शेगडी साफ करण्याचा सल्ला दिला. जुन्या शेगडीसाठी तो सल्ला रास्त आहे, कारण उडणारी बारीक राख नळीच्या तोंडाशी, पंख्याच्या पात्यांवर आणि धुराड्याच्या वळणांत साचते. पण माझी शेगडी घरात येऊन एक आठवडाही झालेला नव्हता. तरीही मी ज्वलनपात्राची छिद्रे मोकळी केली, राखेचा ट्रे रिकामा केला, धुराड्याचे बाहेरचे तोंड पाहिले. फरक पडला नाही. मग तंत्रज्ञ आले, डिस्प्लेवरची सूचना वाचून त्यांनी सेन्सर सदोष असल्याचे सांगितले आणि वॉरंटीत नवा बसवून दिला. दोन दिवस शेगडी उत्तम चालली. तिसऱ्या रात्री पुन्हा तीच सूचना आली.

दुसऱ्या भेटीत त्यांनी जो उपाय सुचवला, त्याबद्दल मला अजूनही राग आहे. सेन्सरच्या दोन तारा काढून एकमेकींना जोडून टाकू, म्हणजे शेगडी कधीच बंद पडणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. बंद पडणार नाही हे खरेच; पण दार उघडे राहिले किंवा धुराडे बुजले तरी ती इंधन टाकतच राहील. तारा क्षणभर जोडून दोष विजेच्या मार्गात आहे की दाबात, हे पाहणे ही एक तपासणी झाली, आणि तीही समोर उभे राहून, जाणकार माणसाने करायची. त्या तशाच ठेवून निघून जाणे म्हणजे झोपलेल्या घराला धोक्यात टाकणे आहे. मी नकार दिला आणि त्याच दिवशी खोलीत कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र बसवले. ते शेगडीसोबतच घ्यायला हवे होते, ही माझी चूक मी मान्य करते.

यानंतर मी एक वही केली आणि प्रत्येक वेळी शेगडी बंद पडली की वेळ, उष्णतेची पातळी, वारा आणि घरात त्या वेळी काय चालू होते, हे लिहू लागले. दहा-बारा नोंदींतच एक गोष्ट स्पष्ट दिसू लागली. सर्वांत वरच्या पातळीवर शेगडी एकदाही बंद पडलेली नव्हती. ती बंद पडायची ती खोली तापल्यावर, शेगडी आपोआप खालच्या पातळीवर आली की. आणि त्यातही बहुतेक वेळा स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा चालू असताना. खालच्या पातळीवर धुराचा पंखा हळू फिरतो, म्हणून ओढ कमी होते. घरातला दुसरा पंखा खोलीतली हवा बाहेर फेकत असेल, तर खोलीचाच दाब थोडा उतरतो आणि शेगडीच्या पंख्याला बाहेरच्या जास्त दाबाविरुद्ध धूर ढकलावा लागतो. स्विच सदोष असता तर तो पातळी पाहून किंवा एक्झॉस्ट पंखा पाहून बिघडला नसता. ओढच काठावर होती, आणि काठावरून ती खाली घसरली की स्विच आपले काम चोख करत होता.

तरीही खात्री करायची म्हणून आधी स्विचच तपासला. शेगडी पूर्ण थंड झाल्यावर प्लग काढला. (शेगडी जळत असताना वीज तोडू नये, धुराचा पंखा थांबतो आणि धूर खोलीत येतो.) मागचे पत्र्याचे झाकण उघडून स्विचवरच्या तारा काढल्या आणि मल्टिमीटरची टोके लावली. नळीचे भट्टीकडचे टोक सोडवून तोंडाने अगदी हलकेच हवा ओढली, तर बारीक टिक असा आवाज होऊन संपर्क जुळला. सोडल्यावर पुन्हा टिक होऊन तो सुटला. ही ओढ खरोखर नावापुरतीच असावी लागते. जोरात ओढले किंवा स्विच जोडलेला असताना नळीत दाबाची हवा मारली, तर आतला पडदा फाटू शकतो आणि मग खराच सदोष स्विच पदरी पडतो.

स्विच निर्दोष ठरला, पण नळीचे टोक सोडवताना दुसरीच गोष्ट हाताला लागली. ते टोक भट्टीच्या निपलवरून (नळी चढवायच्या छोट्या तोटीवरून) बोटाच्या एका स्पर्शाने निघून आले होते. नळी तिथे घट्ट बसलेलीच नव्हती. शिवाय निपलच्या तोंडावर कारखान्यातल्या काळ्या रंगाचा एक पापुद्रा साचून भोक अर्ध्याहून अधिक बुजले होते. नुसते भोक अरुंद असते तर स्विचपर्यंत दाब थोडा उशिरा पोहोचला असता, एवढेच. पण भोक अरुंद आणि जोड सैल, असे दोन्ही एकत्र आले की सैल जोडातून खोलीची हवा नळीत शिरते आणि अरुंद भोकातून तेवढी ओढली जात नाही. परिणामी भट्टीत असलेल्या ओढीपेक्षा कमी ओढ स्विचला जाणवते. पातळ तारेने तो पापुद्रा खरवडून काढला, नळीचे सैल झालेले टोक साधारण एक सेंटिमीटर कापले आणि ताजे टोक निपलवर घट्ट चढवले. तंत्रज्ञांनी स्विच बदलताना नळीचे दुसरे टोक पाहिले असते तर त्यांचे आणि माझे तीन आठवडे वाचले असते.

एवढ्याने बिघाड कमी झाला, पण गेला नाही. मग दारांकडे वळले. कागदाची एक पट्टी दाराच्या चौकटीत धरून दार लावायचे आणि पट्टी ओढून पाहायची, ही जुनी तपासणी आहे. गॅस्केट, म्हणजे दाराच्या कडेची फट बंद करणारी दोरी, नीट दाबले जात असेल तर पट्टी अडकून राहते. वरच्या काचेच्या दाराला मी चारही बाजूंनी पट्टी लावली आणि ती सर्वत्र घट्ट होती. खालच्या, राखेच्या ट्रेच्या दाराला मात्र बिजागरीजवळच्या कोपऱ्यात पट्टी अशी सहज सुटून आली की जणू दार लावलेलेच नव्हते. दिवा धरून पाहिले, तेव्हा दोरीसारखे गॅस्केट त्या कोपऱ्यात खोबणीतून उचलले गेलेले दिसले. खाली गोंद होता, पण दोरी त्याला चिकटलेलीच नव्हती. दोन बोटे लांबीची ती जागा बाहेरून अजिबात दिसत नाही, कारण पुढे शोभेची पट्टी आहे. तेवढी दोरी खरवडून काढली, खोबण घासली आणि उष्णता सोसणाऱ्या सिमेंटने त्याच जाडीची नवी दोरी बसवली.

सुधारणा झाली की नाही, हे अंदाजावर सोडायचे नव्हते. म्हणून एक पारदर्शक नळी फळीवर तिरकी बसवली, इतकी तिरकी की नळीवर दहा मिलिमीटर पुढे गेले तर उंची एकच मिलिमीटर वाढावी. त्यात रंगीत पाणी भरले आणि वरचे टोक तीन तोंडांच्या जोडाने स्विचच्या नळीशी जोडले. अशा तिरक्या नळीत अडीच मिलिमीटर उंचीचा फरक पंचवीस मिलिमीटर लांब दिसतो आणि साध्या पट्टीने मोजता येतो. दुरुस्तीपूर्वी मी हे मोजले नव्हते, याची खंत आहे. मात्र दुरुस्तीनंतर राखेचे दार मुद्दाम किंचित सैल करून पाहिले, तेव्हा पाण्याची रेघ लगेच मागे सरकली आणि थोड्याच वेळात तीच ओळखीची सूचना आली. याहून स्पष्ट पुरावा मला नको होता.

धुराड्याच्या पाइपबद्दलही लिहायला हवे, कारण तिथे चूक माझी आणि बसवणाऱ्यांची होती. पाइप लांब किंवा वळणावळणाचा असेल तर पंख्याची ताकद तिथेच खर्च होते. अनेक कंपन्यांच्या पुस्तिकांत यासाठी एक सोपा हिशेब दिलेला असतो: प्रत्येक काटकोनी वळण म्हणजे ५ फूट, ४५ अंशांचे वळण म्हणजे ३ फूट, आडवा पाइप फुटाला १ फूट आणि उभा पाइप फुटाला अर्धा फूट धरायचा, बेरीज १५ फुटांच्या वर गेली तर ३ इंचांऐवजी ४ इंचांचा पाइप घ्यायचा. माझ्याकडे दोन काटकोनी वळणे, ४ फूट आडवा आणि ८ फूट उभा पाइप होता. म्हणजे १०, ४ आणि ४ मिळून १८ फूट, आणि पाइप मात्र ३ इंचांचा. तो बदलून ४ इंचांचा घेतला, तेव्हा खालच्या पातळीवरही पाण्याची रेघ आधीपेक्षा ठळकपणे पुढे थांबू लागली.

आता शेगडीबद्दलचे माझे मत. पंखा, स्क्रू आणि पेटवणारी कांडी या तिन्ही बाबतींत ती दणकट आहे, आणि चांगले कोरडे पेलेट वापरले तर काच फारशी काळी पडत नाही. पण निपलपर्यंत पोहोचण्यासाठी नऊ स्क्रू काढावे लागतात, ही रचना मला चुकीची वाटते. जो भाग दर हंगामात साफ करायचा, तो हाताशी असायला हवा. कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी राखेच्या दाराला कागदाची पट्टी लावून पाहणे हे काही मिनिटांचे काम आहे, तेही झालेले नव्हते. सर्वांत मोठी उणीव पुस्तिकेत आहे. तिच्यात व्हॅक्यूमच्या सूचनेसमोर ‘सेन्सर तपासा अथवा बदला’ एवढेच छापले आहे. दार, गॅस्केट, नळी, पाइप आणि घरातले इतर पंखे यांचा उल्लेखही नाही. तंत्रज्ञांनी सेन्सर बदलला तो याच ओळीवर विसंबून, त्यामुळे सगळा दोष मी त्यांच्या माथी मारणार नाही. तारा जोडण्याचा सल्ला मात्र कोणत्याही पुस्तिकेत नव्हता. शेगडीला पाचपैकी साडेतीन गुण देते, सर्व्हिसला एक.

गॅस्केट आणि पाइपचे काम झाल्यापासून सात आठवड्यांत सूचना दोनदाच आली. दोन्ही वेळा एक्झॉस्ट पंखा पूर्ण वेगावर होता आणि खिडक्या बंद होत्या. ज्वलनासाठी लागणारी हवा थेट बाहेरून आणणारा पाइप या शेगडीला जोडता येतो. तो मागवला आहे, आणि बसवल्यावर एक्झॉस्ट पंखा चालू ठेवून पाण्याची रेघ पुन्हा मोजणार आहे.